सलग टेक की दोन कॅमेरे? चित्रीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आणि योगायोगाने चारही विदर्भातील आहेत. त्यांपैकी पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे, कारण त्यातील अडचण गावोगावी लघुपट करणाऱ्या अनेकांची असते.

प्रश्न : आम्ही काही शिक्षक आणि गावातील तरुण मिळून वीस मिनिटांचा लघुपट करत आहोत. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातील, नाटकांत काम करणारा मुलगा रात्रभराचा प्रयोग आटोपून सकाळी घरी येतो आणि सपरीत बाजेवर बसलेल्या बापाशी त्याचे धानाचे वावर विकण्यावरून भांडण होते. आई स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत असते, असा मुख्य प्रसंग आहे. तो सात मिनिटांचा होईल असा अंदाज आहे. बाप आणि मुलगा या भूमिका करणारे दोघेही झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट आहेत आणि ऐन हंगामात त्यांचे दोनच दिवस आम्हांला मिळणार आहेत. काहींच्या मते हा प्रसंग एकाच सलग टेकमध्ये, म्हणजे कॅमेरा मध्ये न थांबवता, घ्यावा. इतरांच्या मते देसाईगंजहून आणखी एक कॅमेरा भाड्याने आणावा, म्हणजे संकलनात अडचण येणार नाही. आमच्याकडे एक मिररलेस कॅमेरा, ट्रायपॉड आणि एक माइक आहे. काय करावे?
— एक शिक्षक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर : तुमच्यातील वाद वरवर पाहता कॅमेऱ्यांच्या संख्येचा वाटतो, मला मात्र तो या भांडणाची लय कोणी आणि केव्हा ठरवायची, याविषयीचा वाटतो. सलग टेक घेतला की ती लय नट आणि दिग्दर्शक मिळून सपरीतच ठरवतात आणि नंतर ती कोणालाही बदलता येत नाही. याउलट संपूर्ण प्रसंग एकदा मास्टर शॉटमध्ये, मग बापाच्या खांद्यावरून मुलगा, मुलाच्या खांद्यावरून बाप, दोघांचे क्लोजअप आणि आईचा चेहरा अशा तुकड्यांत टिपला, तर 'नाही' म्हणण्यापूर्वी बापाने किती वेळ गप्प राहावे हे पुढे संकलक ठरवू शकतो. दुसरा कॅमेरा आणला की यांतील दोन तुकडे एका वेळी मिळतात, इतकेच. दोन्ही रीती चांगल्या आहेत. मात्र निर्णय पुढे ढकलता येतो म्हणून तो घ्यायचाच नाही, अशी कव्हरेजची, म्हणजे एकच प्रसंग अनेक बाजूंनी टिपून ठेवण्याची, सवय लागते आणि नवख्या चमूत ती फार लवकर लागते, असे मला वाटते.

तुमच्या प्रसंगासाठी माझा सल्ला असा की, कॅमेरा एकच ठेवावा, प्रसंग तीन सलग टेकमध्ये विभागावा आणि दुसऱ्या कॅमेऱ्याच्या भाड्याचे पैसे आवाजावर खर्च करावेत.

आधी जागेचा विचार करू. सपरी म्हणजे एका बाजूने उघडी, उतरत्या छपराची, खांबांची जागा. तिथे एक कॅमेरा मुलाच्या मागे आणि दुसरा बापाच्या मागे ठेवला, तर दोन्ही चौकटींतून एकमेकांना वगळताना तुमची निम्मी सपरी वाया जाईल. प्रकाशाचेही तसेच आहे. उघड्या बाजूने येणारा उजेड बापाच्या चेहऱ्यावर जी खोली आणतो, तोच उजेड समोरून, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहिला तर सपाट दिसतो. दोन दिशांना एकाच वेळी चांगली दिसेल अशी प्रकाशयोजना करायला दिवेही लागतात आणि जाणता माणूसही लागतो. आवाजाची अडचण तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एक कॅमेरा रुंद चौकट आणि दुसरा क्लोजअप घेत असेल, तर माइक रुंद चौकटीच्या बाहेर धरावा लागतो. मग क्लोजअपमध्ये चेहरा हातभर अंतरावर आणि आवाज मात्र अंगणातून आल्यासारखा, असा विचित्र प्रकार होतो. कपड्यांत लपवायचे दोन कॉलर माइक मिळाले तर ही अडचण बरीच कमी होते, म्हणूनच पैसे तिकडे वळवा असे म्हटले.

तुकड्यांत चित्रीकरण एका कॅमेऱ्यानेही करता येते, आणि जगातील बहुतेक चित्रपट तसेच झालेले आहेत. पण त्यात वेळ जातो आणि तुमच्या प्रसंगात वेळ म्हणजे सूर्य. हिवाळ्यातल्या सकाळी सूर्य क्षितिजापासून वीस अंश वर असताना सहा फुटी खांबाची सावली साधारण साडेसोळा फूट लांब पडते. दुपारकडे तो पंचेचाळीस अंशांच्या आसपास आला की तीच सावली सहा फुटांवर येते. सहा ठिकाणांहून सात मिनिटांचा प्रसंग टिपायला तीन तास सहज लागतात. तेवढ्यात सपरीच्या काठावरचे ऊन बाजेच्या पायांपासून अंगणात सरकलेले असेल आणि मुलाचे वाक्य सकाळचे, बापाचे उत्तर दुपारचे, असे दिसेल. सलग टेकमध्ये हा धोका नाही, कारण एका टेकच्या आत सगळ्यांना एकच ऊन मिळते.

आता नटांविषयी. झाडीपट्टीच्या नटाला प्रसंग दमदारपणे पेलण्याची सवय असते. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की रात्रीमागून रात्री उभे राहून त्याने मोठे प्रवेश निभावलेले असतात. त्याला चार वाक्ये बोलून थांबवले, पुन्हा तीच चार वाक्ये, पुन्हा तोच दुपट्टा त्याच शब्दावर खांद्यावरून काढ, असे सांगितले, तर तो वैतागेल, आणि दुपट्टा काही त्याच शब्दावर निघणार नाही. तुकड्यांच्या चित्रीकरणात हातांच्या हालचाली शब्दागणिक जुळाव्या लागतात. सलग टेकमध्ये ते बंधनच नसते. त्यामुळे या नटांची मोठी ताकद सलग टेकमध्ये कामी येते. अडचण येते ती आवाजाच्या आणि हातवाऱ्यांच्या मापाची. मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज सपरीत बसवायला रोजच्या बोलण्याच्या तालमी घ्याव्या लागतील. क्लोजअपमध्ये ते माप थोडे जरी वाढले तरी डोळ्यांत खुपते. थोड्या दूरच्या, पूर्ण शरीर दिसणाऱ्या चौकटीत ते बरेच सामावते. हेही सलग टेकच्या बाजूचेच कारण आहे. एक काळजी मात्र घ्या. पडद्याआडून वाक्य पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरची सवय असलेला नट सात मिनिटे आधाराशिवाय बोलू शकेल असे गृहीत धरू नका. तुमचा माइक प्रॉम्प्टरचा आवाजही इमानाने टिपेल.

म्हणूनच सात मिनिटांचा एक टेक मी सुचवत नाही. फिल्मच्या काळात ही हाव रिळानेच आवरलेली असे. ३५ मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे अकरा मिनिटांत संपते. अल्फ्रेड हिचकॉक यांनी १९४८ साली 'रोप' हा चित्रपट जवळपास सलग भासेल अशा रीतीने केला, तेव्हा कोणताही टेक त्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नव्हता. अवजड कॅमेऱ्याला वाट मिळावी म्हणून सेटच्या भिंती चाकांवर सरकत्या केल्या होत्या आणि काही जोड नटाच्या पाठीवर कॅमेरा नेऊन झाकले होते. अलेक्सांद्र सोकुरोव्ह यांच्या 'रशियन आर्क' (२००२) या चित्रपटाचे दीड तासाहून अधिक काळाचे चित्रीकरण सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात एका टेकमध्ये झाले, ते चित्र फिल्मऐवजी हार्ड डिस्कवर साठवता आले म्हणून. आणि तिथेही आधीचे प्रयत्न मध्येच सोडावे लागले होते. आज तुमच्या कार्डावर सातच काय, सत्तर मिनिटेही मावतील. 'आता पुरे' असे सांगणारे रीळ उरले नसल्यामुळे ते दिग्दर्शकालाच सांगावे लागते.

टेक कुठे तोडायचा, याचे उत्तर संहितेत शोधा : भांडणात ज्या क्षणी पारडे फिरते, तिथे. तुमच्या प्रसंगात असे दोन क्षण मला दिसतात. पहिला टेक मुलगा अंगणातून येतो तिथपासून तो विक्रीचे नाव काढतो तिथपर्यंतचा. कॅमेरा बाजेच्या उंचीवर, बापाच्या जरा मागे. समोर अंगण, त्यातून चेहऱ्यावर रंगाचे उरलेले डाग घेऊन येणारा मुलगा. बापाचा चेहरा इथे दाखवूच नका. त्याची तंबाखू मळणारी बोटे थांबली की प्रेक्षकाला विक्रीचा विषय लागला हे समजेल. दुसरा टेक बापाच्या समोरून, खांबाच्या आडोशाने, आणि भांडणाचा सगळा भर याच टेकमध्ये. त्यात मागे स्वयंपाकघराचे दार दिसत असावे, म्हणजे आई कधी दाराशी येते आणि कधी आत जाते यासाठी वेगळा कॅमेरा लागणार नाही. तिघांपैकी कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षक स्वतः ठरवेल. खोलवर स्पष्ट दिसावे म्हणून रुंद लेन्स घ्या, छिद्र जरा लहान ठेवा आणि नटांच्या उभे राहण्याच्या जागा जमिनीवर चुन्याच्या बारीक ठिपक्यांनी आखून घ्या. तिसरा टेक आई चहाची कपबशी घेऊन बाहेर येते तिथून. तोपर्यंत दोघांचेही बोलून संपलेले असते, म्हणून इथे कॅमेरा आईबरोबर हळूहळू फिरला तरी चालेल, नव्हे, फिरावाच. आधीचे दोन टेक स्थिर ठेवले असतील तरच त्या फिरण्याला अर्थ राहील.

प्रत्येक टेक मनासारखा झाला की लगेच त्याचाच आणखी एक घ्या, पण जरा जलद लयीत. बहुतेक लघुपटांतील सलग टेक संकलनाच्या वेळी लांबलेले वाटतात आणि तेव्हा हाती दुसरे काही नसते. शिवाय काही सुटे शॉट टिपून ठेवा : बापाचे हात, अंगणातली चप्पल, गोठ्यातले बैल, आईचा पदर. कटअवे म्हणतात ते हेच. दुसऱ्या टेकमधले एखादे वाक्य बिघडले तर याच शॉटखाली जोड लपेल. शेवटी सगळ्यांना गप्प उभे करून सपरीचा नुसता आवाज मिनिटभर ध्वनिमुद्रित करा. दोन टेकच्या सांध्यावर तो पसरला नाही, तर चित्र जुळूनही आवाजातला खड्डा कानाला जाणवतो.

दोन दिवसांपैकी पहिला पूर्ण दिवस तालमीला द्या, त्याच जागी आणि सकाळच्या त्याच वेळेला. एक दिवस 'फुकट' गेला असे चमूतील कोणीतरी म्हणेल. त्याला दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल.

प्रश्न : आमचा तीन मित्रांचा गट शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) आणि मंडईतील, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतील, दंडारीचे (लोकनाट्य-नृत्याचे) चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकतो. आमच्याकडे दोन कॅमेरे आणि एक चांगला मोबाइल आहे. पण तिघांचे चित्रीकरण एकत्र लावताना रंग जुळत नाहीत, आवाज पुढेमागे होतो आणि कधीकधी बैलजोडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पळताना दिसते. त्यापेक्षा एकच कॅमेरा बरा का?
— एक वाचक, ता. मोहाडी, जि. भंडारा

उत्तर : एक कॅमेरा अजिबात बरा नाही. जी घटना पुन्हा घडवता येत नाही, तिथे कॅमेरे जितके सांभाळता येतील तितके असावेत, हा साधा हिशेब आहे. अकिरा कुरोसावा यांनी 'सेव्हन सामुराय'मधील (१९५४) पावसातली लढाई टिपण्यासाठी एकाहून अधिक कॅमेरे एकाच वेळी लावले, त्यामागेही घोडे, चिखल आणि माणसांची झुंबड दुसऱ्यांदा तशीच घडवता येणार नाही, हेच कारण होते. अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९५१ साली सुरू झालेल्या 'आय लव्ह लूसी' या मालिकेने प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांनी चित्रीकरण करण्याची पद्धत रूढ केली, कारण जिवंत प्रेक्षकांचे हसूही दुसऱ्या वेळी तसेच मिळत नाही. बैलजोडी परत पळवता येत नाही आणि रंगात आलेली दंडार 'एकदा पुन्हा करा' म्हणून थांबवता येत नाही.

बैलजोडी दिशा बदलते, कारण तुमचे कॅमेरे धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना आहेत. जोडी ज्या रेषेवरून धावते तिच्या एकाच बाजूला तिन्ही कॅमेरे ठेवा : एक सुरुवातीच्या ठिकाणी, एक मध्ये उंचावर, एक शेवटाकडे. पलीकडून घ्यायचेच असेल तर धाव संपल्यानंतर मालकांचे आणि गर्दीचे चेहरे घ्या. त्यांना दिशेचे बंधन नाही.

रंगांसाठी तिन्ही यंत्रांवरचे स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सोय) बंद करून एकच आकडा ठेवा आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, मोबाइलवरही बांधून टाका. ढग आला की आपापल्या बुद्धीने उजळणारी तीन यंत्रे संकलनात कधीच एकमेकांशी जुळत नाहीत. तिन्हींवर सेकंदाला २५ चौकटी ठेवा. रात्रीच्या दंडारीत शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, कारण आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे आणि वेगळ्या शटरवर दिव्यांचा फडफडाट चित्रात उतरतो. मंडप जनरेटरवर असेल तर त्याची गती कमीजास्त होते, तेव्हा कार्यक्रमाआधी दोन मिनिटे टिपून मोठ्या पडद्यावर तपासून पाहा.

आवाज पुढेमागे होण्याचे मूळ बहुधा मोबाइलमध्ये आहे. अनेक मोबाइल सेकंदाला ठरावीक चौकटी न टिपता उजेडानुसार त्या कमीअधिक करतात. दोन मिनिटांच्या तुकड्यात ते कळत नाही, तासाभरात ओठ आणि शब्द यांची फारकत होते. मोबाइलमध्ये स्थिर गती ठेवण्याची सोय असलेले ॲप वापरा, नाहीतर संकलनापूर्वी ती फाइल स्थिर गतीत बदलून घ्या. सुरुवातीला तिन्ही कॅमेरे चालू करून सगळ्यांना दिसेल आणि ऐकू येईल अशी एक टाळी वाजवा आणि मग शक्यतो कोणताही कॅमेरा बंद करू नका. बंद केला की टाळी पुन्हा आली. दंडारीचा मुख्य आवाज मंडपाच्या मिक्सरमधून वेगळा घ्या, पण एका कॅमेऱ्याचा माइकही चालू ठेवा, कारण ढोलकीबरोबर प्रेक्षकांची दादही लागते.

साठवणुकीचा हिशेब आधी करा. फोर-के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केले, तर एका कॅमेऱ्याचे तासाला सुमारे ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे आणि सहा तासांची रात्र म्हणजे ८०० जीबीच्या वर. मंचाची पूर्ण चौकट टिपणारा स्थिर कॅमेरा साध्या एचडीवर ठेवला तरी यूट्यूबवर फारसे बिघडत नाही. जुन्या अनेक स्टिल कॅमेऱ्यांवर चित्रण अर्ध्या तासाला काही सेकंद कमी असताना आपोआप थांबते. तुमच्याकडे तसा असेल तर तो स्थिर चौकटीवर ठेवू नका. ज्याच्या हाती तो असेल त्याने दोन नाचांच्या मध्ये स्वतःच बंद करून चालू करावा.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयातील चित्रपट मंडळात असे मत आहे की, सलग टेक हीच खरी कला आणि कट करणे ही तडजोड. हे बरोबर आहे का?
— एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : या मताला प्रतिष्ठित पूर्वज आहेत. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां यांनी दृश्य न तोडता, खोलवर स्पष्ट चौकटीत ठेवण्याची जोरदार बाजू मांडली होती. त्यांच्या आधी सोव्हिएत चित्रपटकारांनी कट हाच चित्रपटाचा प्राण मानला होता. दोघांच्याही बाजूला श्रेष्ठ चित्रपट उभे आहेत, त्यामुळे हा वाद तत्त्वावर सुटणार नाही.

तुम्ही चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) पुन्हा पाहा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यातील लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. त्यात कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर असतो, शॉट लांब असतात, पण ते लांब आहेत हे मिरवत नाहीत. न्यायालयातील कंटाळा, तारखांचा संथपणा आणि त्या संथपणात एका माणसाचे होणारे हाल हाच विषय असल्यामुळे वेळ न कापणे तिथे विषयाचीच गरज ठरते. आणि त्या चित्रपटातही कट आहेतच; न्यायालयातून वकिलांच्या घरी नेणारा एखादा कट लांबच लांब संवादाहून अधिक सांगून जातो. कॅमेरा गल्लीबोळांतून, जिन्यांवरून न थांबता धावतो आणि पाहणारा 'हे कसे केले असेल' याच विचारात राहतो, अशा टेकमध्ये मला कसब दिसते, पण पात्राशी त्याचा संबंध किती, अशी शंका येते. तुमच्या मंडळात पुढच्या वेळी एखादा सलग टेक दाखवाल तेव्हा तो मध्येच थांबवून, इथे कट असता तर काय गमावले असते, एवढेच विचारा. उत्तर ज्या टेकपाशी मिळणार नाही, तो कापायला हरकत नव्हती.

प्रश्न : मे महिन्यात शेतातील दहा मिनिटांचा सलग टेक घेताना कॅमेरा तापून बंद पडतो. उपाय आहे का?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि तुमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात, तेव्हा यात कॅमेऱ्याचा दोष नाही. तालमी कॅमेरा बंद ठेवून करा. टेक सकाळी आठच्या आत घ्या. कॅमेऱ्यावर पांढरी छत्री धरा, पडदा बाहेर वळणारा असेल तर तो उघडून मागची बाजू मोकळी ठेवा आणि फोर-के ऐवजी एचडीवर चित्रण करा. सेन्सर आणि प्रोसेसर दोन्ही कमी तापतात. बर्फाची पिशवी कॅमेऱ्याला लावू नका, आत दमट हवेचे पाणी होते. एवढे करूनही दहा मिनिटे निभत नसतील तर प्रसंग दोन टेकमध्ये तोडा आणि जोडासाठी नट कडुनिंबाच्या बुंध्यामागून जाईल अशी त्याची वाट आखा.